नवरा-बायकोच्या समुपदेशनात शिकलेलं गल्लीतल्या भांडणात चालेल का?

मंगळवार_पेठकर:
आमचं लग्न जातीबाहेरचं. स्पेशल मॅरेज ॲक्टची नोटीस तीस दिवस बोर्डावर होती, तेवढ्यात अख्ख्या पेठेला कळलं. १९१९ साली शाहू महाराजांनी अशा लग्नांना कायद्यानं मान्यता दिली, त्याच कोल्हापुरात आम्हाला साक्षीदार मिळता मिळेनात.

सहा वर्षं निभावलं. गेल्या दिवाळीत मोडायची वेळ आली. कारण ऐकायला बारीक आहे. माझी आई गडहिंग्लजहून आली की तिला चहा स्टीलच्या पेल्यात, बाकी सगळ्यांना कपात. नवऱ्याला बोलले की तो म्हणायचा, "तुला सगळीकडं जातच दिसते."

शेवटी राजारामपुरीत एका समुपदेशक बाईंकडं गेलो. त्यांनी टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवलं. वाळू पडेतोवर मी बोलायचं, मग त्यानं माझंच बोलणं मला परत सांगायचं. उत्तर नाही, खुलासा नाही. तीनदा तो "पण आईच्या मनात तसं नव्हतं" वरच घसरला. चौथ्यांदा म्हणाला, "माझ्या आईनं तुझ्या आईला वेगळा पेला दिला. मी बघितलं आणि पेपर तोंडासमोर धरला." पेपरचं मी बोललेच नव्हते.

आता आरक्षणाच्या वादापासून गल्लीत दोन गट पडलेत. तालमीच्या ग्रुपमधून चार घरं बाहेर पडली, एकमेकांच्या बारशालाही जात नाहीत. नवरा म्हणतो, तालमीत असंच समोरासमोर बसवूया. खोलीबाहेर हे चालतं का? कुणी करून बघितलंय?

शिवाजीपेठी:
ताई, गणपतीआधी शांतता कमिटीच्या बैठकीला मी दरवर्षी जातो. प्रत्येक जण आपापलं बोलतो, चहा होतो, फोटो होतो, उठतो. समोरचा काय म्हणाला हे दारात विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडलं, तेव्हा ह्या बैठकांचा काय उपयोग झाला ते बघितलंय. तुमचं ते परत सांगायचं एकदा तरी करून बघावं असं मला मनापासून वाटतंय. फक्त पाच-सहा माणसांत करा. पन्नास जमले की प्रत्येक जण आपल्या माणसांसाठी बोलतो.

समुपदेशक_कोल्हापूर:
तुम्ही केलंत ती 'इमागो' पद्धत दिसते, हार्विल हेंड्रिक्स आणि हेलन हंट या नवरा-बायकोनं बसवलेली. आधी परत सांगायचं, मग "तुला असं का वाटलं ते कळतंय" म्हणायचं, मग त्या भावनेपर्यंत जायचं. कळतंय म्हणजे पटलंय असं नव्हे, हे गल्लीत आधीच सांगून ठेवा. मोठ्या भांडणातही असे प्रयत्न झालेत. १९७२ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोकांना एकत्र बसवलं होतं. दंगली थांबल्या नाहीत, पण ती माणसं एकमेकांशी बोलली.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आम्ही जोडप्याला एकत्र बसवण्याआधी दोघांना वेगवेगळं भेटतो. घरात मारहाण असेल, धाक असेल तर एकत्र बसवत नाही. खोलीत बाई खरं बोलते आणि त्याचं उट्टं रात्री घरी निघतं. गल्लीतही तेच. ज्यांचं भाड्याचं घर, उधारीचं दुकान समोरच्याच्या हातात आहे, ते तालमीत मोकळं बोलणार नाहीत. त्यांच्या घरी जाऊन आधी ऐका.

पंचगंगाकाठ:
मी पेल्यात चहा मिळालेल्यांपैकी. सगळं वाचलं. तुमच्या नवऱ्यानं तुमच्यासमोर कबूल केलं ते चांगलंच झालं. पण पेला तुमच्या आईच्या हातात होता. त्यांना कुणी विचारलं का? आणि सासूबाईंनी अजून काय परत सांगितलंय?

मंगळवार_पेठकर:
नाही विचारलं. आईला वाटतं मला काही दिसलंच नाही, आणि मीही तसंच राहू दिलं. सासूबाईंशी तर विषयच निघालेला नाही. तालमीचं तूर्त राहू दे. रविवारी सकाळच्या एसटीनं दोघं गडहिंग्लजला जातोय. वाळूचं घड्याळ नेणार नाही. आई बोलेल तेवढा वेळ तो ऐकणार आहे.