हिशोबाचं सॉफ्टवेअर बंद करताना सेव्ह अर्धवट राहिलं तर? (अनुभव धागा, इंदूर)

हिशोबनीस
काल पाऊस आला, लाईट गेली आणि ग्नूकॅश (माझं हिशोबाचं सॉफ्टवेअर) बंद होता होता खालची पट्टी मध्येच थांबली. जुने दिवस आठवले. गणपती तोंडावर आहेत, रामबाग-लोकमान्यनगरातल्या मंडळांच्या वर्गणीचे हिशोब सुरू होतील, म्हणून धागा काढतोय.
लाईट आल्यावर प्रोग्रॅम लगेच उघडू नका. आधी अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा, कारण घाईत परत सेव्ह मारला की उरलंसुरलंही जातं. मग साईझ बघा. रोज 400 केबी असणारी फाईल 0 दिसली तर तिचा नाद सोडा. शेजारीच नावात तारीख-वेळ असलेल्या .ग्नूकॅश फाईली असतात, त्या आधीच्या सेव्हच्या प्रती. साईझ नेहमीसारखी असलेली सगळ्यात नवी प्रत घ्या.

जमाखर्च_ताई
आणि .लॉग!! शेवटच्या सेव्हनंतरचे व्यवहार त्यात असतात. चांगली प्रत उघडून फाईल > इम्पोर्ट > रिप्ले लॉग. कुठली लॉग घ्यायची ते नावावरून ठरवू नका, नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक व्यवहार 'स्टार्ट' आणि 'एंड'च्या मध्ये दिसतो. प्रतीत नसलेला पहिला व्यवहार ज्या लॉगमध्ये आहे तिथून सुरू करून जुन्याकडून नव्याकडे जा. जुनी लॉग उगाच चालवू नका.
नवीन काढलेलं खातं लॉगमध्ये येत नाही, त्यावरच्या नोंदी हातानेच कराव्या लागतात. कुकर झाला, बाकी नंतर

सियागंजकर
ताई, उघडताना लॉक मिळत नाही म्हणतं, ते?

जमाखर्च_ताई
मागच्या वेळी नीट बंद झालं नाही म्हणून .एलसीके फाईल मागे राहिली. दुसऱ्या कुणाच्या मशिनवर फाईल उघडी नाही ना, एवढं विचारून घ्या आणि 'तरीही उघडा' करा. दोघांनी एकदम उघडली तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच राहतं, दुसऱ्याची मेहनत वाया.

तारवाला
मुळात लाईट गेल्यावर मशीन बंद पडूच नये. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी असते, दोन-तीन वर्षांत बसते. बीप वाजून लगेच मशीन गेलं की बॅटरी संपली समजा. लेझर प्रिंटर यूपीएसवर अजिबात लावू नका, गरम होताना एकदम लोड खेचतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं. साध्या मोडमध्ये बदल होईपर्यंत मशीन रीस्टार्ट होतं.

सियागंजकर
बॅटरी सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल का हो दादा?

तारवाला
मिळेल की. जुनी सोबत न्या, टर्मिनलची पट्टी रुंद की अरुंद ते तिथेच जुळवून बघता येतं. नव्या बॅटरीवरची तारीख बघून घ्या.

काकू_नारायणबाग
आमच्याकडे टॅली, त्यात तर बाहेर पडताना सेव्ह विचारतच नाही

हिशोबनीस
काकू, टॅलीत कंट्रोल-ए दाबलं की व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, तिथल्या तिथे डिस्कवर जातं, म्हणून विचारत नाही. लिहिता लिहिताच लाईट गेली तर मात्र डेटा बिघडू शकतो. कंपनीचं आकड्यांच्या नावाचं फोल्डर, 10000 वगैरे, आधी कॉपी करा. मगच दुरुस्ती: जुनी टॅली ईआरपी 9 असेल तर गेटवेवर (टॅलीच्या मुख्य मेनूवर) कंट्रोल-ऑल्ट-आर, नवी टॅली प्राईम असेल तर ऑल्ट-वाय आणि रिपेअर. कॉपीशिवाय हे बटण दाबू नका, कळकळीने सांगतो.

डिस्कदादा
'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसलं की लोक टास्क मॅनेजरमधून मारून टाकतात, सगळ्यात जास्त फाईली इथेच जातात. मोठी फाईल लिहिताना खिडकी गोठते, ते साहजिक आहे. टास्क मॅनेजर उघडाच, पण डिस्कचा रकाना बघायला. आकडा हलतोय तोवर थांबा. शटडाऊन करताना 'तरीही बंद करा' आलं तर रद्द करून आधी प्रोग्रॅम बंद करा.
आणि एनटीएफएसवर (विंडोजची डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत) भरवसा असतो ना, तिचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फोल्डरची रचना सांभाळतं, फाईलच्या आतला मजकूर नाही. म्हणून फाईल दिसते आणि आत काहीच नसतं. फोल्डरमध्ये .टीएमपी नावाचं शेपूट असलेली फाईल दिसली तर पुसू नका. आधी तात्पुरती फाईल लिहून मग नाव बदललं जातं, तर कधी कधी नवा डेटा तिच्यातच सापडतो.

जमाखर्च_ताई
👆 हे छापून लावा मशीनवर.
चालू फाईल वनड्राईव्हच्या किंवा पेन ड्राईव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. सिंक नेमकं त्याच क्षणी फाईल पकडतं आणि सेव्ह अडतं. काम डी ड्राईव्हवर, प्रोग्रॅम पूर्ण बंद झाला की कॉपी वर चढवा.

काकू_नारायणबाग
आमच्या डॉक्युमेंटमध्ये सेव्हच होत नाहीये, परमिशन नाही म्हणतं

डिस्कदादा
विंडोज सिक्युरिटी > रॅन्समवेअर प्रोटेक्शन > कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस. ते चालू असेल तर आपला प्रोग्रॅम परवानगीच्या यादीत घाला, सगळं बंद करू नका.

काकू_नारायणबाग
झालं!! यादीत घातल्यावर लगेच सेव्ह झालं. दादा, जिलबी पक्की.

सियागंजकर
काकू, जिलबी आहे तर पोहे मी आणतो. किती जण?