मदत हवी आहे: स्टँडर्ड हेरल्डचे मागचे व्हील सिलिंडर, पट्ट्या आणि रबरी बूट

वाघूरकाठ, जळगाव

राम राम मंडळी. गाडी स्टँडर्ड हेरल्ड, १९६६ची, ९४८ सीसी, दोन दारांची. मागच्या ब्रेकचं सामान शोधतोय. जे पाहिलं आणि मोजलं ते सगळं देतो, म्हणजे सांगणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

उजवं मागचं चाक: जळगावहून भुसावळ गाठलं की ड्रमला हात लाववत नाही, इतका तापतो. डावं चाक थंड. हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढूनही गाडी उतारावर सरकते. ड्रम काढला तर एका शूचं लायनर (ड्रमला घासणारा थर) रिव्हेटच्या डोक्याला टेकलेलं आणि समोरच्या शूचं साडेचार मिमी, जवळजवळ कोरं. सिलिंडर बॅकप्लेटच्या खाचेत केसभरही हलत नाही. मागचा रबरी बूट हातात घेताच चुरा झाला. सिलिंडर धरून ठेवणाऱ्या नालेच्या आकाराच्या पट्ट्यांपैकी एकीचा पाय तुटलाय. डावीकडे पट्ट्या शाबूत आहेत, पण बॅकप्लेटची खालची कड ओली आहे.

ड्रम आतून १७८.२ मिमी, दोन्हीकडे सारखाच. शूची रुंदी सव्वा इंच. सिलिंडरवर गर्लिंग या ब्रेक कंपनीचं नाव आणि .७० हा आकडा ओतलेला आहे.

अजिंठा चौफुलीच्या दुकानांत या मापाचं किट नाही. ११/१६ इंची कप (पिस्टनचं रबरी सील) मिळतो आणि "हाच बसवा, चालून जाईल" असं सांगतात. चालेल का? नाही चाललं तर सिलिंडर कुठून मागवू? आणि मुख्य म्हणजे पट्ट्या आणि बूट, ते तर कुणाला दाखवले तरी ओळखत नाहीत.

तापीथडी, भुसावळ

भाऊ, तो कप त्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भोकात) अजिबात घालू नका. ०.७० इंच म्हणजे १७.७८ मिमी आणि ११/१६ म्हणजे १७.४६. फरक ०.३२ मिमीचा. पेडल जोरात दाबलं की कपाची कड फाकते आणि गळती लपते. फसवणूक होते ती गाडी उभी असताना: दाब नसला की कड सैल पडते आणि रात्रभर थेंब थेंब ऑइल उतरतं. सकाळी पेडल खाली गेलेलं असतं आणि लायनर भिजलेलं.

आता दुखणं कुठे आहे ते बघू. हेरल्डच्या मागच्या सिलिंडरला पिस्टन एकच. तो एका शूला ढकलतो आणि त्याच्या उलट जोराने सिलिंडरची बॉडी खाचेत मागे सरकून दुसऱ्या शूला ढकलते. बॉडी जाम झाली की एकच शू काम करतो. तुमच्या लायनरवर नेमकं तेच लिहिलंय. हँडब्रेकचा लिव्हरही याच बॉडीत टेकतो, त्यामुळे तोही लंगडा पडतो. बूट गेला की खाच उघडी पडते. आपल्याकडची काळी माती पावसात चिखल होऊन आत शिरते, एप्रिल-मेच्या उन्हात वाळून दगड होते, आणि खालून गंज धरतो.

पण ड्रम तापण्याचं दुसरं कारणही असू शकतं, ते आधी तपासा. हेरल्डला मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे लवचीक होज आहेत. जुना होज आतून फुगला की ऑइल पेडलच्या जोराने आत जातं, परत मात्र येत नाही. ड्रम चढवा, चाक उचला, पेडल दोन-तीनदा दाबून सोडा. चाक जड फिरत असेल तर ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर आत दाब अडकला होता. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबा आणि या वेळी होजच्या अलीकडचा, लोखंडी पाइपाचा नट सैल करा. तिथे चाक सुटलं नाही पण निपलवर सुटलं, तर होज बाद. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर दोष सिलिंडरच्या सरकण्यात, स्प्रिंगमध्ये किंवा हँडब्रेकच्या केबलमध्ये.

डावीकडचा ओलावा बोटावर घ्या आणि पाण्यात धुवा. पाण्यात विरघळला तर ब्रेक ऑइल. चिकट तवंग राहिला तर हबचं ग्रीस. मागच्या हबला ग्रीस जास्त भरलं की सील ओलांडून थेट ड्रममध्ये येतं, आणि त्यात सिलिंडरचा काही दोष नसतो.

एक कळकळीची विनंती: ड्रममधली धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

गिरणापट्टा, भडगाव

ॲम्बेसेडरचे मागचे सिलिंडर गल्लोगल्ली मिळतात. बॅकप्लेटला थोडं घासून बसत नाहीत का?

पांझराकाठ, धुळे

नाही दादा. ॲम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली आणि हेरल्ड ट्रायम्फच्या. ड्रम, शू, बॅकप्लेट, काहीच जुळत नाही. मिनीचा मागचा ड्रमही ७ इंची असतो म्हणून काही जण तिचे शू मागवतात, पण ते लॉकहीड कंपनीचे, शूच्या पत्र्याची भोकं आणि टोकं निराळी. स्टँडर्ड गॅझेलचंही गृहीत धरू नका: तिचा मागचा एक्सल अखंड आहे, हेरल्डचा स्वतंत्र. जवळचं खरं नातं ट्रायम्फ स्पिटफायरचं. परदेशात विचारताना हेरल्ड आणि स्पिटफायर ही दोन्ही नावं द्या, सामान पटकन सापडतं.

मागवायचं कुठून, तर माझं मत असं. गाडी मद्रासमध्ये बनत होती, म्हणून देशातला जुना साठा आधी चेन्नईत शोधा. नवं पण जुन्या काळचं सामान जनरल पॅटर्स रोडच्या दुकानांत, उतरवलेलं सामान पुदुपेट्टैत. फोनवर नुसतं "हेरल्ड रिअर सिलिंडर" म्हणाल तर मिळेल ते गळ्यात मारतील. बॉडीवरच्या आकड्याचा फोटो मागा आणि व्हर्नियर लावून बोअर दाखवायला सांगा. जुन्या खोक्यातलं रबर कितीही कोरं दिसलं तरी वापरू नका, इतक्या वर्षांत ते कडक झालेलं असतं. किंमत बॉडीची द्या, रबराची नाही. त्याखालोखाल मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीत कश्मीरी गेट. पुण्याच्या नाना पेठेत सिलिंडर मिळण्याची आशा कमी, पण होज नमुन्याप्रमाणे बांधून मिळू शकतात.

पट्ट्या आणि बूट मात्र इंग्लंडहूनच आणा. कॅन्ली क्लासिक्स, रिमर ब्रदर्स आणि जेम्स पॅडॉक या तिघांकडे हेरल्ड-स्पिटफायरचं सामान असतं. पट्ट्यांचा संच आणि बूट सिलिंडरसोबत येतीलच असं समजू नका, वेगळे मागा. दोन्ही चाकांसाठी दोन संच, दोन बूट, शिवाय एक बूट जादा, कारण चढवताना लिव्हरच्या धारेवर तो फाटतो. बिलावर "मोटारगाडीचे ब्रेक भाग, नवे, तेल भरलेले नाही" असं इंग्रजीत स्पष्ट लिहून घ्या आणि कस्टमचं शीर्षक ८७०८३० टाकायला सांगा. भेटवस्तू म्हणून पाठवायला सांगू नका, पार्सल तिथेच अडकतं. ओळखपत्राची प्रत कुरिअरवाल्याला आधीच देऊन ठेवा.

बोअर ०.७०च घ्या. पाऊण इंची सिलिंडर सहज मिळतात आणि मोह होतो. ०.७०च्या पिस्टनचं क्षेत्रफळ २४८ चौरस मिमी, पाऊण इंचाचं २८५. म्हणजे मागच्या शूवर १५ टक्के जादा जोर. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील आणि हेरल्डच्या स्विंग एक्सलवर गाडीचं ढुंगण फिरतं.

लेथ-फिटर, जळगाव एमआयडीसी

वाघूरकाठ भाऊ, बॉडीला तडा नसेल तर टाकून देऊ नका. स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची धातूची नळी) घालून ती नव्यासारखी होते. आणि ११/१६चा कप इथे उपयोगी पडतो, फक्त बोअर त्याच्या मापाचं करून. १७.४६चं क्षेत्रफळ २३९ चौरस मिमी येतं, मूळच्यापेक्षा साडेतीन-चार टक्के कमी. पायाला ते कळतही नाही. पण दोन्ही चाकांना एकच माप ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

काम असं सांगा: बोअर २०.४६ मिमीपर्यंत मोठं करायचं, बाजूची भिंत सगळीकडे तीन मिमी तरी उरली पाहिजे. स्लीव्ह ३०४ स्टेनलेसची, बसवताना २ ते ३ शतांश मिमी घट्ट, वर बेअरिंग चिकटवण्याचं द्रव्य. स्लीव्ह तळाच्या खांद्याला टेकलीच पाहिजे. ऑइल येण्याचं आणि हवा काढण्याचं भोक स्लीव्ह बसल्यावर पाडायचं, आणि आतली धार बारीक कागदाने मारायची. नव्वद टक्के काम इथे बिघडतं. भोकाची धार राहिली की कप पहिल्याच दिवशी कापला जातो आणि दोष किटला दिला जातो. शेवटी होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून १७.४६. पिस्टन नवा, ५ शतांश सैल, शू बसण्याची खाच जुन्या पिस्टनवरून तंतोतंत.

बॉडी बाहेरून जिथे खाचेत सरकते त्या दोन कडा आणि बॅकप्लेटची खाच कानशीने घासून मोठी करायची नाही. फक्त गंज काढा.

वाघूरकाठ, जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासणी केली. उजवीकडे निपल उघडून चाक सुटलं, होजच्या अलीकडचा नट उघडून नाही सुटलं. म्हणजे होजही बाद आणि सिलिंडरही जाम. डावीकडचा ओलावा पाण्यात विरघळला, म्हणजे ब्रेक ऑइल. दोन्ही बॉडी साफ केल्या, तडा नाही. डावीच्या बोअरमध्ये नखाला लागेल एवढा खड्डा आहे.

दोन्ही बॉडींना स्लीव्ह करतो. पट्ट्यांचे दोन संच, तीन बूट इंग्लंडहून. मागचे दोन्ही होज. शूंना इथेच लायनर चढवायचे. मध्ये तुटलेल्या पट्टीच्या जागी पत्र्याची करून घेतली तर चालेल का, पार्सल येईपर्यंत?

तापीथडी, भुसावळ

साध्या पत्र्याची नको. पट्टीला स्प्रिंग पाहिजे. तिने बॉडी बॅकप्लेटला धरूनही ठेवायची असते आणि सरकूही द्यायची असते. साधा पत्रा एकतर बॉडी आवळतो किंवा सैल पडून बॉडी तिरकी होते. पार्सल येईपर्यंत गाडी उभी ठेवा. घाई इथे नको.

लायनर चढवताना रिव्हेटचं डोकं पृष्ठभागाच्या किमान एक मिमी खाली जायला हवं, आणि दोन्ही टोकांना थोडा उतार द्या म्हणजे किंचाळणार नाही. ड्रम १७८.२ आहे, मूळचा १७७.८. अजून चालतो. ओरखडे खोल नसतील तर लेथवर लावूच नका.

जोडणी: खाचेवर आणि सरकणाऱ्या कडांवर लाल रबर ग्रीसचा पातळ हात. साधं चेसिस ग्रीस नको, ते रबर फुगवतं. सिलिंडर आत घाला, मागून एक पट्टी, मग उलट बाजूने दुसरी, टोकं एकमेकांत अडकेपर्यंत. आता दोन्ही अंगठ्यांनी ढकलून बघा. बॉडी हाताने सरकली पाहिजे, डुलली नाही पाहिजे. बूट लिव्हरवरून सगळ्यात शेवटी.

पाइपाचे नट ३/८ इंच यूएनएफ, २४ आट्यांचे आहेत. मारुतीचा १० मिमीचा नट दिसायला तसाच असतो, पण आटे जुळत नाहीत. पान्ह्याने रेटला की स्लीव्ह केलेल्या सिलिंडरचे आटे गेले.

हवा काढण्याआधी चौकोनी ॲडजस्टर घड्याळाच्या दिशेने शू ड्रमला पूर्ण टेकेपर्यंत आवळा. डावं मागचं चाक आधी, ते मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांब. डॉट ४ ऑइल, नुकतंच उघडलेल्या डब्यातलं. झालं की ॲडजस्टर चाक मोकळं फिरेपर्यंत एक-दोन खटके मागे घ्या. हँडब्रेकच्या केबलला हात सगळ्यात शेवटी. आधी केबल ताणली तर शू कायम उचललेले राहतात आणि ड्रम पुन्हा तापतो.

मग पेडल पाच मिनिटं जोरात दाबून धरा, कुणाला तरी मागे बघायला बसवा. ते झाल्यावर रात्रभर गाडी तशीच उभी ठेवा, दोन्ही बॅकप्लेटखाली कोरा कागद अंथरून. कागद सकाळी कोरडा असेल तर भुसावळला या. व्हई जाई काम, भाऊ.

पांझराकाठ, धुळे

ऑर्डरमध्ये एक भर घाला: शू परत ओढणाऱ्या स्प्रिंगांचा संच, दोन्ही चाकांचा. इतका तापलेला ड्रम म्हणजे उजवीकडच्या स्प्रिंगांचा ताण गेलेला असणार. पार्सलच्या वजनात फरकही पडत नाही.

वाघूरकाठ, जळगाव

घातली. डावी आणि उजवी स्प्रिंग शेजारी ठेवून बघितली, उजवी जवळजवळ तीन मिमी लांब भरली.