आठ्यांसाठीचं बोटॉक्स: नर्सने टोचलं तर बिघडलं कुठे?

सुईदोरा: बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचं, नाव काढलं की "अहो, ते विष आहे!" सुरू होतं. जरा आकडे बघा. भुवयांमधल्या आठ्यांना ५ जागी ४-४, म्हणजे २० युनिट. जुनाट मायग्रेनला डोक्या-मानेत ३१ जागी मिळून १५५, तेही दर १२ आठवड्यांनी. माणसासाठी घातक डोस अंदाजे २,५०० ते ३,००० युनिट धरतात. मग प्रशिक्षित नर्सने २० युनिट टोचले तर 'डॉक्टरच हवा' असा गहजब कशाला?

संथ_सलाइन: २० युनिट, पण कुठले? युनिट म्हणजे वजन नव्हे, उंदरांवर मोजलेली ताकद, आणि प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळी. त्याच आठ्यांना डिस्पोर्टचे, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या अशाच औषधाचे, ५० लागतात. एकाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नसतो.

पुढची गंमत सिरिंजमध्ये. १०० युनिटच्या कुपीत २.५ मिली सलाइन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट येतात. १ मिलीच घातलं, तर तेवढ्याच ०.१ मिलीत १०. बरेच जण इन्सुलिनची सिरिंज वापरतात. तिच्यावर ०.१ मिलीपाशी '१०' छापलेलं असतं, ते इन्सुलिनचे युनिट. २.५ मिलीवाल्या कुपीतून तिथवर भरलं तर आत बोटॉक्सचे ४ असतात. हा गोंधळ झाला की तुमचे २० युनिट कागदावरच राहतात.

सुईदोरा: मान्य. पण हे गणित चौथीतलं आहे, त्याला एमबीबीएस कशाला? कुपीवर तारीख, वेळ आणि 'किती मिली घातलं' एवढं लिहायची शिस्त हवी.

पापणीपाल: गणित सुटेल, जागा चुकेल. भुवईजवळची सुई डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या कडेपासून निदान १ सेंमी वर हवी. खाली गेली किंवा टोचल्यावर ती जागा चोळली, की औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपतं आणि पापणी उतरते. ॲप्राक्लोनिडिन या औषधाचे डोळ्यात घालायचे थेंब पापणी १-२ मिमी उचलून धरतात, बाकी काही आठवडे वाट बघायची. आधीच झुकलेली पापणी ओळखून 'नको' म्हणता येणं, हे खरं कौशल्य.

सुईदोरा: पापण्या डॉक्टरांच्या हातूनही उतरतात हो! पदवीने सुई सरळ जात नाही. २००४ मध्ये फ्लोरिडात चौघांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाने होणारा लकवा, झाला. टोचणारा डॉक्टरच होता, परवाना निलंबित झालेला, आणि त्या चौघांत तोही. औषध म्हणून परवाना नसलेलं, प्रयोगशाळेसाठीचं विष वापरलं होतं. म्हणजे आधी कुपी तपासा, मग पदवी.

संथ_सलाइन: हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. परवाना तपासला असता तर तो माणूस सुईपर्यंत पोचलाच नसता. अशा वेळी अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, फक्त रक्तात फिरणारं विष अडवतं. पण मज्जातंतूच्या टोकात शिरलेलं विष एसएनएपी-२५ हे प्रथिन कापत राहतं, स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं ॲसिटिलकोलीन बाहेर पडत नाही आणि स्नायू लुळाच राहतो.

पापणीपाल: शिवाय टोचण्याआधीचे प्रश्न. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू लवकर थकणारा आजार) आहे का? जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू आहे का? दोन्हींत मज्जातंतूकडून स्नायूला निरोप जाण्याची नेमकी हीच जागा आधीच कमजोर असते. नंतर गिळताना ठसका, आवाज घोगरा, श्वास अपुरा, यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सी. काही तासांत होऊ शकतं, काही आठवड्यांनीही. अमेरिकेत २००९ पासून औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीतला इशारा यासाठीच आहे, आणि सर्वाधिक काळजी स्नायूंच्या ताठरपणासाठी मोठे डोस घेणाऱ्या लहान मुलांची.

सुईदोरा: प्रश्नावली नर्सही भरून घेते. उत्तर 'हो' आलं की डॉक्टरकडे पाठवते.

संथ_सलाइन: पाठवते, जर डॉक्टर त्याच इमारतीत असेल तर. आणि तिसऱ्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून आलेल्याला परत टोचायचं नाही, हे कोण सांगणार? पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. घाईने वरचेवर दिलं, तर प्रतिपिंडं तयार होऊन पुढे औषध लागू न पडण्याचा धोका वाढतो.

सुईदोरा: ते सांगायला नर्स पुरेशी आहे. डॉक्टर इमारतीत हवा, एवढं मात्र मान्य.