मदत हवी आहे: उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या छोट्या वायनरी

मंडळी, आम्ही फ्रीमाँटला असतो. जुलैत नाशिकहून भाऊ-वहिनी येताहेत. नापाचं प्रसिद्ध वाइन खोरं नको, तिथली वाइन टेस्टिंगची फी ऐकूनच उतरते! घरच्या माणसांनी चालवलेली छोटी ठिकाणं हवीत.

सध्या लोडाय हा वाइनचा भाग डोक्यात आहे. दुपारी ऊन मी म्हणतं, पण संध्याकाळी जवळच्या नद्यांच्या डेल्टावरून गार वारा सुटतो. तिथल्या बोकिश वायनरीची अल्बारिन्यो ही व्हाइट वाइन प्यायलोय: लिंबाच्या सालीचा वास, शेवटी किंचित खारट, कोथिंबीर वडीबरोबर झकास. तिथेच बेक्टोल्ड मळ्यात १८८६ साली लावलेले सिन्सो या काळ्या द्राक्षाचे वेल अजून फळतात. त्या द्राक्षांची हलकी रेड वाइन थोडी गार करून प्यायची आहे. कुठल्या टेस्टिंग रूममध्ये मिळेल?

भावाला आपल्याकडची शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन आवडते, म्हणून इथल्या क्लार्क्सबर्ग भागातलीही दाखवायची आहे. तिथे कोणाकडे जावं? कोरडीच सुचवा, गोड नको.

आणि शनिवारी बुकिंगशिवाय घेतात का? डबा नेलेला चालतो का? वहिनी पीत नाहीत, त्यांना सावलीत निवांत बसता येईल अशी जागा असेल तर आधी तीच सांगा.