हर्स्ट शिफ्टर बसवल्यापासून चौथा गिअर सटकतो (१९६७ शेव्हेल, मन्सी गिअरबॉक्स) – मदत हवी आहे

मिशिगनकर:

नमस्कार मंडळी. इथले गाड्यांचे धागे बहुतेक मायलेज नाहीतर बुकिंगच्या तारखांवर चालतात, त्यात हा धागा जरा आगंतुक वाटेल. पण इकडे मिशिगनमधल्या अमेरिकन मंडळींना विचारलं की जो तो "बॉक्स उतरव आणि नव्याने बांध" एवढंच सांगतो. फियाट-अँबेसिडरच्या लिंकेजशी उभा जन्म झटापट केलेली माणसं या फोरमवर आहेत, म्हणून इथे विचारतोय.

गाडी शेव्हरोलेची, १९६७ ची शेव्हेल एसएस ३९६. ३९६ घन इंच, म्हणजे साधारण साडेसहा लिटरचं व्ही-८, कागदावर ३२५ अश्वशक्ती. गिअरबॉक्स चार गिअरचा मन्सी, जनरल मोटर्सचाच. बकेट सीट, मधे कन्सोल नाही.

कंपनीचा मूळ शिफ्टर (गिअरचा दांडा आणि त्याखालची यंत्रणा) पार खिळखिळा झाला होता. न्यूट्रलमध्ये दांडा वरणात पळी फिरवावी तसा फिरायचा आणि दुसऱ्यातून तिसरा टाकताना तो नक्की कुठे चाललाय याचा पत्ता लागायचा नाही. म्हणून हर्स्ट कंपनीचा कॉम्पिटिशन प्लस शिफ्टर घेतला. नवा नाही, स्वॅप मीटमध्ये मिळालेला. सोबत रॉड, लीव्हर, ब्रॅकेट सगळं होतं, फक्त माहितीपत्रक नव्हतं. नायलॉनचे बुश आणि क्लिपा नव्या आणल्या. ब्रॅकेट टेल हाउसिंगवर (बॉक्सच्या मागच्या भागावर) नीट बसला, भोकं जुळली, तिथे काही कुरबुर नाही.

आता त्रास. उभ्या गाडीत सगळे गिअर पडतात. चालत्या गाडीत पहिले तीन एकदम झकास, दांड्याची चाल आखूड, तिसरा तर खटकन बसतो. चौथाही पडतो, पण हायवेवर पाय दाबला की दांडा सुटून न्यूट्रलला येतो. हलक्या पायाने चालवली तर टिकतो. दुसरी गोष्ट, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा कधीकधी मधेच अडतो, आडवा सरकत नाही. जरा खेळवला की जातो.

जुन्या शिफ्टरवर चौथा एकदाही सटकला नव्हता. न्यूट्रलची पिन (शिफ्टर न्यूट्रलला पक्का धरणारी) घालून रॉड जुळवले आहेत. पिन जाते, पण शेवटी हलकीशी ठोकावी लागते.

प्रश्न एवढाच: बॉक्स खाली न उतरवता दोष बॉक्सच्या आत आहे की बाहेर, हे कसं ठरवायचं? ऑगस्टमध्ये इकडे मिशिगनमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते. त्याआधी गाडी रस्त्यावर हवी आहे.

फियाटवाले काका:

अरे वा, शेव्हेल! आमच्या पद्मिनीला गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. बुश झिजले की दोन गिअरच्या मधे अडकायचा. मग सिग्नलला खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, लिंकेज हाताने सोडवायची आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत परत आत बसायचं. त्या अनुभवावरून सांगतो, आधी गाडीखाली जा आणि एकेक रॉड हाताने हलवून बघ. कुठे प्ले आहे, कुठे सायलेन्सरच्या पाइपला घासतोय का, ते पाहा. नायलॉन बुश तापलेल्या पाइपाशेजारी फार दिवस काढत नाही. आणि बाबा रे, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नकोस, घोड्या लाव.

चेकनट:

आधी बॉक्स मन्सीच आहे याची खात्री केलीत का? साठ वर्षांच्या गाडीत मधल्या मालकांनी काय घातलं असेल सांगता येत नाही, आणि रॉड-लीव्हरचे किट बॉक्सप्रमाणे बदलतात. मन्सी असेल तर केस अ‍ॅल्युमिनियमची, बाजूच्या झाकणाला ७ बोल्ट, झाकणावर दोनच लीव्हर आणि रिव्हर्सचा लीव्हर मागे टेल हाउसिंगवर. तिन्ही लीव्हर झाकणावरच दिसले तर तो सॅगिनॉ. झाकणाला ९ बोल्ट असतील तर बोर्ग-वॉर्नरचा टी-१०.

दंतचक्र:

मिशिगनकर, तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे असं मला वाटतं. तिसरा खटकन बसतो, चौथा अर्धवट बसतो आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा अडतो. हे तीन वेगळे आजार नाहीत. ३-४ चा (तिसऱ्या-चौथ्याचा) रॉड लांबीला चुकला की तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. बॉक्स न्यूट्रलला असताना शिफ्टरमधला ३-४ चा पत्रा मधोमध नसतो, एका अंगाला सरकलेला असतो. त्यामुळे तिसऱ्याकडे चाल जास्त मिळते आणि चौथ्याकडे कमी. स्लीव्ह (गिअर जोडणारी सरकती कडी) पुरती दातांवर चढत नाही, भार आला की सरकते. आणि न्यूट्रलमध्ये पत्र्यांच्या खाचा एका रेषेत नसल्या की दांड्याला आडवं जायला वाटच राहत नाही. ठोकून घालावी लागणारी पिन नेमकं हेच सांगतेय. ती बोटांनी आत जायला हवी आणि बोटांनीच बाहेर यायला हवी.

आत की बाहेर, याची परीक्षा सोपी आहे. गाडी घोड्यांवर घ्या, इंजिन बंद, पाइप थंड. झाकणावरचा पुढचा लीव्हर ३-४ चा, मागचा १-२ चा. ३-४ चा रॉड लीव्हरपासून सोडवा. आता लीव्हर हाताने चौथ्याच्या बाजूला ढकला. आतला डिटेंट (गिअर जागी धरणारा अडसर) बसल्याचा ठोका हाताला कळतो. नाही कळला तर कोणाला तरी मागचं चाक जरा फिरवायला सांगा. जिथे लीव्हर थांबेल तिथे केसवर खडूने खूण करा. मग रॉड परत जोडून आतून दांडा चौथ्यात ओढा आणि लीव्हर खुणेपर्यंत पोचतोय का ते खाली जाऊन पाहा. अलीकडेच थांबला तर बॉक्स निर्दोष, दोष बाहेर. खुणेपर्यंत पोचूनही रस्त्यावर सटकत असेल, तरच आतल्या स्लीव्हचा, ती सरकवणाऱ्या फोर्कचा किंवा बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) अलाइनमेंटचा संशय घ्या. बेल हाउसिंग क्रँकच्या मध्यापासून ०.००५ इंचाहून जास्त बाजूला असेल तर चांगला बॉक्ससुद्धा गिअर सोडतो. पण तुमच्या जुन्या शिफ्टरवर चौथा टिकत होता, त्यामुळे माझी पैज बाहेरच्या दोषावर.

जुळवणीचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळे रॉड सोडा. बॉक्सवरचे तिन्ही लीव्हर, रिव्हर्ससकट, त्यांच्या खऱ्या न्यूट्रलला आणा. शिफ्टरमध्ये पिन घाला. मग प्रत्येक रॉडच्या टोकाचं आट्याचं बटण फिरवत फिरवत अशी लांबी साधा की ते बुशात जोर न लावता शिरेल. रॉड आधी जोडून मग पिन मारली तर जोर कुठे तरी लपून बसतो.

आणि एक गोष्ट जी पत्रकाशिवाय कळत नाही. कॉम्पिटिशन प्लसला पुढे-मागे दोन स्टॉप बोल्ट असतात. जोरात दांडा ओढणाऱ्यांच्या हातून आतले फोर्क वाकू नयेत म्हणून ते दिलेले आहेत. तुमचा शिफ्टर वापरलेला आहे, म्हणजे ते बोल्ट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या हिशेबाने अडकवलेले असणार. रॉड जुळवायच्या आधी दोन्ही बोल्ट थोडेच आटे आत राहतील इतके मागे घ्या. रॉड झाल्यावर दांडा तिसऱ्यात घट्ट दाबून धरा, बोल्ट टेकेपर्यंत आत घ्या, दांडा सोडा, बोल्ट एक आटा मागे घेऊन चेकनट आवळा. मग चौथ्यात तेच.

चेकनट:

दंतचक्र ताईंना +१. (आणि आपलं नाव आल्याबद्दल आभार.) पिन हरवली असेल तर पाव इंची ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी चालते. वाकलेली पिन वापरू नका, बाजारात सरळ कमी आणि वाकड्या जास्त मिळतात.

मिशिगनकर:

धन्यवाद! बॉक्स मन्सीच आहे. केसवरचा कास्टिंग नंबर ३८८५०१०, म्हणजे १९६६-६७ चाच. दुसऱ्यात जोरात पाय दाबूनही पाहिला, तो सटकत नाही. खडूची परीक्षा शनिवारी करतो.

काका, रॉड पाइपला घासत नाहीत, बोटभर जागा आहे.

वडाचा पार:

तांत्रिक काही नाही, पण अवांतर: अपघातात चेपलेल्या गाडीचा पत्रा फाकवून माणसं बाहेर काढायचं ते हायड्रॉलिक हत्यार असतं ना, 'जॉज ऑफ लाइफ', तेही याच जॉर्ज हर्स्टचं. बाकी पाँटिअ‍ॅकने १९६४ च्या जीटीओत हर्स्ट कारखान्यातूनच दिला आणि शेव्हरोलेने शेव्हेल-कॅमेरोला तो द्यायला १९६९ उजाडवलं. मधल्या वर्षांतल्या शेव्हेलवाल्यांनी तुमच्यासारखेच पाने हातात घेतले.

गराज_ठाणे:

इंजिनाचे माउंटिंग बघा. शेव्हरोलेच्या १९६५ ते ७० च्या गाड्यांत रबर सुटून इंजिन उचललं जायचं, त्यासाठी जनरल मोटर्सने १९७१ च्या अखेरीस सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. पाय दाबल्यावरच सटकतोय म्हणून म्हटलं.

दंतचक्र:

माउंटिंग तपासाच, त्यात वाद नाही. पण हा शिफ्टर टेल हाउसिंगवर बसतो, बॉक्सबरोबरच हलतो. त्यामुळे इंजिन उचललं तरी रॉडची लांबी बदलत नाही. दांडा बोगद्याच्या भोकाच्या कडेला अडकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. बूट (दांड्याभोवतीचं रबरी आवरण) काढून चौथ्यात मागे किती जागा उरते ते बघा.

मिशिगनकर:

परीक्षा झाली. रॉड सोडल्यावर लीव्हर चौथ्याला स्पष्ट ठोका देऊन बसतो. रॉड जोडून दांडा ओढला तर खुणेच्या बराच अलीकडे थांबतो. म्हणजे बॉक्स वाचला!

कारण पण सापडलं. नट पूर्ण आवळलेला असूनही ३-४ चा लीव्हर शाफ्टवर डुलतो. शाफ्टच्या चपट्या बाजूंवर बसणारं त्याचं भोक झिजून मोठं झालंय. लीव्हर शिफ्टरबरोबर आलेला, कुठल्या गाडीवर किती वर्षं होता देव जाणे. न्यूट्रल धरायला गेलं की तो कधी इकडे कधी तिकडे झुकायचा, मग पिन कशी शिरणार! दोन्ही लीव्हर नवे मागवले. मागवताना दुकानदाराने विचारलं की शाफ्टला बाहेर आलेला स्टड आणि नट आहे की आत जाणारा बोल्ट. १९६८ पर्यंत स्टड, १९६९ पासून बोल्ट. माझा स्टडचा.

नवे लीव्हर लावले, ताईंनी सांगितलेल्या क्रमाने रॉड आणि स्टॉप बोल्ट जुळवले. पिन आता एका बोटाने आत-बाहेर होते. आय-७५ वर चौथ्यात पाय पूर्ण दाबून पाहिला, दांडा जागचा हलला नाही. दुसऱ्यातून तिसरा आता न बघता पडतो. बूटखाली चौथ्यात जागा भरपूर आहे. माउंटिंगही ठीक आहेत.

आता एकच उरलं. सकाळी बॉक्स थंड असताना दुसरा टाकताना किंचित खरखर होते, मैलभर गेलं की बंद. पुन्हा रॉडलाच हात घालू का?

दंतचक्र:

नका घालू. जुळवणीचा दोष असता तर गरम झाल्यावर गेला नसता. बॉक्समध्ये तेल कोणतं आहे? मन्सीच्या सिंक्रो रिंगा (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या) पितळी असतात, त्यांना जीएल-४ दर्जाचं तेल मानवतं. बऱ्याच ठिकाणी डिफरन्शियलचं जीएल-५ सरसकट ओततात. त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा पितळेला बरी नाही आणि निसरडेपणामुळे रिंग वेळेत पकड घेत नाही. ८०-डब्ल्यू-९० जीएल-४ भरून बघा. तरी खरखर राहिली तर दुसऱ्याची रिंग झिजली असेल, ती हिवाळ्यात गाडी उभी असताना करा. क्लच पुरता सुटतोय ना, तेही पाहून घ्या. पेडलचा फ्री प्ले जास्त असला तरी थंडीत असंच वाजतं.

मिशिगनकर:

तेल आधीच्या मालकाच्या काळातलं आहे, डब्याचा पत्ता नाही. उद्याच काढतो. काढलेलं तेल कापडावर गाळून पितळेचा चुरा दिसतो का तेही बघतो आणि इथे कळवतो.

फियाटवाले काका:

चुरा नंतर दाखव, आधी गाडीचा फोटो टाक. एवढा धागा झाला, रंग कोणता तेसुद्धा सांगितलं नाहीस.