घरच्या बिअरमधलं अल्कोहोल मोजायला काय घेऊ? बजेट २५ डॉलर

एडिसनकर
मंडळी, सल्ला हवाय. किचनच्या कोपऱ्यात एक गॅलनच्या काचेच्या जगमध्ये बिअर लावलीये, एक पाउंड ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या अर्काची पूड), हॉप्स आणि एल यीस्ट. मित्र पिऊन झाल्यावर घरी जाणार, त्यांना किती टक्के आहे ते नीट सांगता यायला हवं. सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीचं (पाण्याच्या मानाने द्रव किती दाट, त्याचं) रीडिंग घेतलं नाही, आता यीस्ट घालून झालंय. २५ डॉलरच्या वर नको.

सिअॅटलवाला
डोळे झाकून टिल्ट नावाचं यंत्र घे. बिअरमध्ये तरंगत राहतं, किती कललंय त्यावरून ग्रॅव्हिटी काढून ब्लूटूथवर पाठवतं. मी ऑफिसला निघायच्या आधी फोनवर ग्राफ बघतो, झाकण उघडायचं कामच नाही. शंभराच्या वर जातं पण वस्तू एक नंबर.

एडिसनकर
अरे बजेट २५ आहे. आणि माझ्या जगचं तोंड केवढंसं!

नाना_शिकागो
साधा काचेचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगून ग्रॅव्हिटी दाखवणारी पट्टीची नळी) घे, दहा-बारा डॉलरला मिळतो. सुरुवातीच्या ग्रॅव्हिटीतून शेवटची वजा कर आणि १३१.२५ ने गुण. १.०५० वरून १.०१० वर आली तर ५.२५ टक्के. सॅम्पल ढवळून गॅस काढ, बुडबुडे काचेला चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. तापमान कुठलं धरलंय तेही त्याच्या पट्टीवर बघून घे.

कोकणी_कार्टा
मी अल्कोहोलमीटर मागवला होता, बिअरमध्ये टाकला तर शून्याच्या खाली! पैसे पाण्यात गेले, कुणी घेऊ नका.

नाना_शिकागो
तो व्हिस्की-ब्रँडीसारख्या गाळलेल्या दारूसाठी असतो रे. बिअरमध्ये साखर उरलेली असते त्यामुळे तो वरच तरंगणार. हायड्रोमीटरच घ्या.

पेठेतला
इथे पुण्यात हे किट कुठे मिळेल?

म्युनिकची_माई
महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरापुरती सूट मिळाली, म्हणून एडिसनकर करू शकतोय.

पेठेतला
पण मोहाची तर गावोगाव गाळतात की.

म्युनिकची_माई
गाळतात म्हणून कायदेशीर होत नाही. असो, मूळ प्रश्नावर येते. एडिसनकर, सुरुवातीचं रीडिंग नाही म्हणून अडू नकोस. एक पाउंड ड्राय एक्स्ट्रॅक्ट एक गॅलनमध्ये साधारण ४४ पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ग्रॅव्हिटीत ०.००१) देतं, म्हणजे तुझी सुरुवात १.०४४. जगमध्ये भरून नक्की एक गॅलन झालं होतं ना तेवढं आठव, कमी भरलं असेल तर आकडा वर जाईल. शेवटी १.०१० आली तर साडेचार टक्क्यांच्या जवळपास.

सिअॅटलवाला
टिल्ट असतं तर हा हिशोबच करावा लागला नसता.

नाना_शिकागो
हायड्रोमीटर घे, मी वर लिहिलंच आहे.

एडिसनकर
माई, खूप आभार, हेच अडलं होतं. गॅलनच्या खुणेपर्यंत भरलं होतं. पण नाना, मी रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) मागवतोय, २२ डॉलरला आहे. हायड्रोमीटर तरंगवायची नळी भरायला दर वेळी शंभर-सव्वाशे मिली लागणार, एका गॅलनमधून दोन-तीनदा काढलं की बाटलीभर बिअर मोजण्यातच गेली. ह्याला दोन थेंब पुरतात.

नाना_शिकागो
अल्कोहोल तयार झालं की रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो! हा घोळ कुणी सांगत नाही.

एडिसनकर
वाचलंय नाना. सुरुवात ११ ब्रिक्स (ह्या यंत्राचं साखरेचं माप, म्हणजे तेच १.०४४) धरली आणि शेवटी ५.५ दिसलं, तर सरळ रूपांतर करून १.०२२ येतं, पण अल्कोहोलची दुरुस्ती केली की १.००८ च्या आसपास. कॅल्क्युलेटर वापरणार.

नाना_शिकागो
मग निदान बाटल्या भरायच्या आधी दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच येतोय का बघ. हलत असेल तर भरू नकोस, आत गॅस होत राहून बाटल्या फुटतात. आणि बाटलीत गॅससाठी साखर घालशील त्याचा पाव टक्का वरून धर, मित्रांना तो धरूनच सांग.