मदत हवी आहे: लेकीला नावडातोली दाखवायची आहे
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. रविवारी लेकीला घेऊन महेश्वरला जातेय. घाट तिने खूपदा पाहिलेत. या वेळी नर्मदेपलीकडची नावडातोली, म्हणजे प्राचीन वस्तीचं टेकाड, दाखवायची आहे. १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, जळून कोळसा झालेले गव्हाचे दाणे सापडले. मसूर, वाटाणाही, तांदूळ मात्र नंतरच्या थरांत. परवा शरबती गहू निवडताना तिने विचारलं, "आई, हा पहिल्यांदा कोणी पेरला?" गहू मुळात पश्चिम आशियातला, एवढं सांगितलं. पण आपल्या जवळचं इतकं जुनं शेत-घर तिने उभं राहून बघावं, असं फार वाटतंय. ते टेकाड आज ओळखू येतं का? पलीकडे जायला होडी मिळते ना? आणि ते दाणे, काळ्या नक्षीची तिथली लाल मडकी कुठे बघायला मिळतील?